सातव्या रकान्यात काय लिहायचं?

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. जुनी आजोबांच्या वेळची, कापडी बांधणीची. वडिलांच्या पिढीपाशी येऊन ती थांबते. पुढचं काम पुण्यातल्या एका धाकट्या चुलतभावाने अंगावर घेतलं. तो आयटीतला. त्याने गुगल शीट बनवली, घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली आणि 'प्रत्येकाने आपापली ओळ भरा' असं लिहून मोकळा झाला. नाव, जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, जोडीदाराचं नाव, अपत्यं. सातव्या रकान्याचं शीर्षक होतं 'औरस / दत्तक'.

दोन दिवस कुणाचं तिकडे लक्षच गेलं नाही. सगळे आपापल्या डिग्र्या लिहिण्यात दंग. तिसऱ्या दिवशी कुणीतरी (कोण ते मला माहीत आहे, पण जाऊ दे) आमच्या एका दादाच्या मुलीच्या ओळीत 'दत्तक' भरून टाकलं. दादाने नाही, वहिनीने नाही, तिसऱ्याच कुणीतरी. मुलगी अकरा वर्षांची आहे. घरात लपवाछपवी नाही. ती चार वर्षांची असल्यापासून तिला सगळं ठाऊक आहे. ती ग्रुपवर नसली तरी आजीच्या फोनवर तिचा मुक्काम असतोच. रात्री वहिनीचा फोन आला. आवाज चढलेला. "ती तिची गोष्ट आहे. तिला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला ती सांगेल. तूच सांग, हे कोण भरणारे?"

साडेअकराला मी शीट उघडून तो शब्द पुसला. सकाळी भावाचा मेसेज आला, "ताई, पुसलंस तरी व्हर्जन हिस्टरीत दिसतंय. तुझ्या नावासकट."

जुना कुलवृत्तांत काढून पाहिला. दत्तकाबद्दल त्यात काडीचा संकोच नाही. अमुकने भावाचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. हा तमुक शाखेत दत्तक गेला, त्याचा वंश तिकडे पाहावा. संकोच दिसतो तो मुलींच्या बाबतीत. अख्ख्या जन्माची एक ओळ, सासरचं नाव, गाव, आणि पूर्णविराम. माझ्या आत्यांना पहिल्या आवृत्तीत जेवढी जागा मिळाली त्याहून जास्त जागा दारच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला मिळाली आहे. दत्तक उघडं होतं, कारण त्याला जमीन चिकटलेली होती. होम करून, भाऊबंदांना जेवू घालून, चारचौघांदेखत मूल मांडीवर घ्यायचं, म्हणजे उद्या कुणी त्याचा हिस्सा नाकारायला नको. मूलही बहुतेक वेळा भाऊबंदांतलंच. जन्म देणारी आई चार घरं पलीकडे राहायची. लपवणार काय आणि कुणापासून? मूल अनोळखी दारातून यायला लागलं तेव्हा ते लपवायची गोष्ट झालं.

मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. तिचा दाखला आधार म्हणून देत नाही, तो ग्रंथ कुणाच्या सोयीचा होता हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. पण त्या बारांतला एक प्रकार मजेशीर आहे: गूढोत्पन्न. घरात मूल जन्मलं, कुणाचं ते कळत नाही, तर ज्याच्या शय्येवर जन्मलं त्याचं. बस्स. पुढे चौकशी नाही.

१८७२च्या पुराव्याच्या कायद्याचं ११२वं कलम इंग्रजांनी आणलं, पण वळण हेच. लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांच्या आत आईने दुसरं लग्न केलेलं नसताना, मूल जन्मलं तर ते नवऱ्याचं. त्या काळात दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं, एवढं दाखवता आलं तरच सुटका. १९८४मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखायची रीत काढली, जगभरातली न्यायालयं बदलली, तरी १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद ११६ क्रमांकाने पुन्हा येऊन बसली आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कमालीचं मागासलेलं वाटलं होतं. शास्त्र समोर असताना डोळे मिटून घ्यायचे? आता तसं वाटत नाही. त्या कलमाने दीडशे वर्षं एकाच गोष्टीला अटकाव केला: बापाला संशय आला म्हणून मुलाचं रक्त काढायला.

हा अटकाव कधी कधी ढिला होतो. विदर्भातल्या एका जोडप्याच्या पोटगीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४मध्ये सांगितलं की कायद्याचं गृहीतक एकीकडे आणि शास्त्राचा पुरावा दुसरीकडे अशी वेळ आली तर शास्त्राचं ऐकावं लागेल. डीएनए चाचणी झालेली होती, नवरा जन्मदाता नसल्याचं तिच्यातून निघालं होतं, पोटगीतून तो सुटला. तर्काला हे पटतं. पण निकालानंतर त्या मुलीच्या हाती काय उरलं ते पाहा. होता तो बाप कागदावरून गेला, त्याच्या जागी दुसरा कुणी आला नाही. चाचणीने 'हा नाही' एवढंच सांगितलं. 'कोण' हे सांगायची जबाबदारी कुणावरच नव्हती, कारण प्रश्न तिने विचारलाच नव्हता.

फेब्रुवारी २०२३मध्ये पुण्यातून वर गेलेल्या एका घटस्फोटाच्या खटल्यात न्यायालय सावध झालं. बायकोच्या व्यभिचाराचा पुरावा म्हणून नवऱ्याला धाकट्या मुलाची डीएनए चाचणी हवी होती. एक चाचणी त्याने परस्पर खासगी लॅबमधून करून घेतलीही होती. पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली; सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. भांडण नवरा-बायकोचं आहे, मूल त्यात पक्षकार नाही, त्याच्या औरसपणावर ऊठसूट प्रश्नचिन्ह लावू न देणं हा त्याचा हक्क आहे, असा त्या निकालाचा रोख. वहिनी जे चिडून म्हणाली तेच हे, न्यायालयाच्या भाषेत.

मला म्हणायचं आहे ते असं. 'मी कुणापासून झालो' हा प्रश्न मुलाच्या मालकीचा आहे. तो बापाच्या संशयाचा नाही, भाऊबंदांच्या हिश्शाचा नाही, रकाना रिकामा बघवत नाही अशा उत्साही काकांचाही नाही. ते मूल मोठं होऊन विचारेल तेव्हा उत्तर मिळालं पाहिजे. आणि तोवर, किंवा त्याने विचारलंच नाही तर कायमचं, बाकीच्यांनी त्या दारावर टकटक करायची नाही. आपण आज नेमकं उलटं करतो. ज्यांचा संबंध नाही त्यांच्या हातात चाचणी स्वस्त करून ठेवली आहे, आणि ज्याचा संबंध आहे त्याच्यासाठी दप्तर बंद आहे.

स्वस्त म्हणजे किती सोपी, तर लॅबचे प्रतिनिधी घरी येऊन गालाच्या आतला फाया घेतात. मुलाच्या नकळत करायची तर दातांचा ब्रश, कापलेली नखं, वापरलेला पेला यावरही काही लॅब काम करतात. न्यायालयात तो अहवाल चालत नाही हे जाहिरातीतच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चालायची गरज कुठे असते? घर मोडायला बारीक अक्षरातला अहवालही पुरतो. या खासगी चाचण्यांना आवर घालणारा वेगळा कायदा देशात नाही. गुन्ह्यांचा तपास आणि बेपत्ता व्यक्तींसाठी म्हणून आणलेलं डीएनए विधेयक २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०२३मध्ये मागे घेतलं गेलं.

आता बंद दप्तराकडे येऊ.

६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली. तिथपासून जानेवारी २०२२मध्ये सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा लागू होईपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षांहून अधिक काळ, दात्यांच्या वीर्यापासून आणि स्त्रीबीजांपासून मुलं जन्मत राहिली आणि त्यांच्या नोंदी त्या त्या क्लिनिकच्या मर्जीवर राहिल्या. नव्या कायद्याने काही गोष्टी चांगल्या केल्या. एका दात्याचं वीर्य वा बीज एकापेक्षा जास्त जोडप्यांना द्यायचं नाही. बीज देणाऱ्या बाईला आयुष्यात एकदाच देता येईल, तेही सातपेक्षा जास्त नाही. नेदरलँड्समध्ये एका दात्याची साडेपाचशेहून अधिक मुलं झाल्याचं उघड झालं आणि २०२३मध्ये तिथल्या न्यायालयाला त्याला मनाई करावी लागली. तसं इथे निदान कागदावर तरी होऊ शकत नाही.

पण त्याच कायद्याचं ३१वं कलम वाचताना मी थबकले. अशा रीतीने जन्मलेलं मूल त्या जोडप्याचं 'जैविक' अपत्य मानलं जाईल, असं ते म्हणतं. कायदेशीर अपत्य म्हणा, सर्व हक्कांसह म्हणा, माझी काहीच हरकत नाही. पण जैविक? जीवशास्त्राला संसदेने दिलेला हा आदेश आहे. गूढोत्पन्नवाल्या स्मृतिकारांनी सुद्धा 'त्याचा' म्हटलं, 'त्याच्या रक्ताचा' म्हटलं नाही. आणि हे मूल अठरा वर्षांचं झाल्यावर दात्याबद्दल काही विचारू शकेल, अशी सोय कायद्यात कुठेच नाही. नोंदी आहेत, त्या क्लिनिकने दहा वर्षं ठेवून मग राष्ट्रीय नोंदवहीकडे द्यायच्या आहेत. दात्याचा आधार क्रमांकही घेतला जातो. माहिती सरकारपाशी जमा, फक्त ज्याची आहे त्या मुलाला नाही.

गंमत म्हणजे, दत्तकाच्या बाबतीत हेच सरकार शहाणं आहे. २०२२च्या दत्तक नियमांत मुळांच्या शोधाची तरतूद आहे. अठरा वर्षांचं झालेलं मूल स्वतः अर्ज करू शकतं. त्याआधी करायचा तर दत्तक आई-बाबांसोबत. जन्मदात्यांनी ओळख लपवायला सांगितलं असेल तर त्यांना विचारलं जातं. ते नको म्हणाले किंवा सापडले नाहीत, तर मूल कोणत्या परिस्थितीत दिलं गेलं एवढं तरी त्याला सांगितलं जातं. आणि तिसऱ्या कुणाला हा शोध घेता येत नाही. ही शेवटची ओळ मी आमच्या ग्रुपवर टाकली होती. तिला दोन अंगठे आले, आणि पाठोपाठ कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो.

गुप्ततेचं वचन आता पाळता येणारही नाही, हे मात्र दत्तकाला आणि दात्याला सारखंच लागू आहे. नाशिकच्या एखाद्या दात्याने स्वतः कधीच चाचणी केली नसेल. त्याची मावसबहीण न्यू जर्सीत आहे, तिला ख्रिसमसच्या सेलमध्ये किट मिळालं, ती नळीत थुंकली. सख्ख्या मावस-चुलत भावंडांचा डीएनए साधारण आठव्या हिश्शाने जुळतो, भावंडाच्या मुलाशी त्याच्या निम्म्याने, आणि दात्यापासून झालेल्या मुलानेही चाचणी केली की यंत्राला ते मिनिटभरात दिसतं. बाकीचं काम फेसबुक आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवरची 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'नंतरची नावं करतात. कॅलिफोर्नियातला जुना खुनी २०१८मध्ये दूरच्या नातेवाइकांच्या थुंकीवरूनच सापडला. त्याने कुठेच नमुना दिला नव्हता. एकाने चाचणी केली की सगळ्या गोताची संमती आपोआप दिली गेल्यासारखी होते, आणि ती माहिती कंपनीच्या नशिबाशी बांधली जाते. अशी किट विकणाऱ्या ट्वेंटी-थ्री-अँड-मी या अमेरिकी कंपनीकडची सुमारे ६९ लाख लोकांची माहिती २०२३मध्ये चोरांच्या हाती लागली. २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा ग्राहकांचे नमुने कुणाला विकले जाणार यावर महिनोन् महिने वाद चालला. आपलं सरकार दात्याला गुप्ततेचं जे आश्वासन देतं ते अशा जगात देतं.

मुलाला कळलं पाहिजे या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा पुण्यातच जन्मला आहे. १८६३मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. १८७५मध्ये पंढरपुरातही तसंच गृह उभं राहिलं, पुढे ते प्रार्थना समाजाने चालवलं. तिथे गुप्तता हाच उपचार होता. ती नसती तर ती बाई विहिरीत आणि मूल उकिरड्यावर. आजही एखादी अविवाहित मुलगी तालुक्याच्या गावातून शहरात येऊन बाळंत होते, मूल संस्थेत देऊन जाते, तेव्हा 'कुणाला कळणार नाही' या तीन शब्दांवर ती उभी असते. वीस वर्षांनी एक अनोळखी तरुण तिच्या संसाराच्या दारात उभा राहिला तर? मुलाचा हक्क म्हणून मी जे मागते आहे त्याची किंमत तिने भरायची का?

या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. एक फरक मात्र करता येतो. कळणं वेगळं, दारात येणं वेगळं. आईला भेट नाकारायचा पूर्ण हक्क असावा, आणि तिचा नकार मुलापर्यंत संस्थेमार्फत, तिचा पत्ता न देता पोचावा. पण 'तुला जन्म देणारी कुणी होती, ती अशा अडचणीत होती' एवढंही मुलाला कळू नये, इथवर तिची गुप्तता ताणता येणार नाही. फुल्यांनीही ती ताणली नाही. काशीबाई नावाची एक विधवा त्यांच्याकडे आली, तिचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत नाव ठेवलं, १८८७च्या मृत्युपत्रात त्याला वारस नेमलं. हे आज आपल्याला माहीत आहे, ते त्या घराने ते झाकलं नाही म्हणून. १८९०मध्ये जोतिराव गेले तेव्हा भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्कावरून वाद घातला, आणि अंत्ययात्रेत वारसाने धरायचं टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. मूळ उघड होतं आणि नातं पक्कं होतं. एकाने दुसऱ्याला धक्का लागला नाही. धक्का दिला तो हिश्शावर डोळा असलेल्यांनी.

आपल्या समाजातली खरी भीतीही हीच आहे: 'उद्या येऊन सातबाऱ्यावर नाव लावायला सांगेल.' जानेवारी २०२५मध्ये केरळच्या एका खटल्यात हे स्पष्ट दिसलं. एका तरुणाने आपला खरा बाप दुसराच असल्याचं सांगत त्याच्याकडून खर्च मागितला, डीएनए चाचणी मागितली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आईचं लग्न टिकून होतं, तेव्हा कायद्याने बाप ठरलेला आहे. त्या दुसऱ्या माणसाच्या आणि आईच्या खासगीपणात शिरता येणार नाही. इथे मूल स्वतः विचारत होतं, म्हणजे माझ्या म्हणण्याप्रमाणे त्याला उत्तर मिळायला हवं होतं. पण त्याने विचारलं ते पैशांच्या रूपात, कारण आपल्या कायद्यात विचारायचं दुसरं रूपच नाही. पितृत्व म्हणजे पोटगी, वारसा, नाव. ते सगळं मिळेल किंवा काहीच नाही. मधली वाट ठेवलेलीच नाही.

ती ठेवता येते. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५नंतर नोंदलेल्या दात्यांपासून झालेल्या मुलांना अठराव्या वर्षी दात्याचं नाव, जन्मतारीख, शेवटचा माहीत असलेला पत्ता मागता येतो. दात्यावर मात्र एका पैशाची जबाबदारी नाही, मुलाला इस्टेटीत हिस्सा नाही. माहिती मिळते, सातबारा हलत नाही. स्वीडनने तर १९८५पासूनच दात्यांची अनामिकता काढून टाकली आहे. याला किंमत पडते, हेही सांगायला हवं: ब्रिटनला बरंचसं वीर्य अमेरिका आणि डेन्मार्कमधून आणावं लागतं. आपल्याकडे दाते कमी होतील, रांगेतल्या जोडप्यांना जास्त थांबावं लागेल. थांबावं. आपलं नाव कधीच कळणार नाही एवढ्याच भरवशावर जो मूल जन्माला घालायला मदत करतो, त्याचा भरवसा न्यू जर्सीची मावसबहीण तसाही मोडणार आहे. त्याला आधीच खरं सांगितलेलं बरं.

माझं मागणं लहान आहे. ३१व्या कलमातला 'जैविक' हा शब्द काढा, हक्क सगळे तसेच ठेवा. दत्तक मुलाला मुळांच्या शोधाची जी वाट आहे, ती दात्यापासून झालेल्या मुलालाही द्या, त्याच अटींवर: अर्ज त्याचा, वय अठरा, तिसऱ्याला मज्जाव, आणि हिश्शाशी संबंध नाही. अल्पवयीन मुलाची पितृत्व चाचणी न्यायालयाच्या आदेशाशिवाय करणाऱ्या लॅबला दंड करा. १ मे २०२४नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं, तेव्हाही लोक म्हणाले होते की यंत्रणा कोलमडेल. शाळेच्या अर्जावर एक रकाना सरकवण्यापलीकडे काही झालं नाही.

शीटचं म्हणाल तर गेल्या रविवारी दादाच्या घरी बसून तोडगा काढला. भावाचं म्हणणं, जुन्या आवृत्तीत आहे तर नव्यात का नको, इतिहास आहे तो. वहिनी म्हणाली, "मग तुझ्या मुलांच्या पुढे 'सिझेरियन' लिही, तोही इतिहासच." बराच वेळ कुणी बोललं नाही. पोहे निवले. शेवटी ठरलं की छापील पुस्तकात तो रकाना नसेल. ज्याला स्वतःबद्दल काही लिहायचं असेल त्याने अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः लिहून पाठवायचं, पुढच्या पुरवणीत ते येईल. मुलींना एका ओळीत गुंडाळायचं नाही, हेही त्याच बैठकीत मी मंजूर करून घेतलं. भावाने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून सातवा रकाना लपवला. डिलीट केला नाही. ते त्याच्या जिवावर आलं असावं. सहाव्या आणि आठव्या रकान्यांच्या मध्ये आता दोन छोटे बाण दिसतात, आणि त्यांच्यावर क्लिक केलं की तो पुन्हा उघडतो.